लाल रेशमाची पाटी

हारलेम, २० एप्रिल १६६४

चि. सौ. हिलेगोंड हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं फेब्रुवारीचं पत्र परवा मिळालं. व्हर्जिनियाच्या जहाजातून आल्यामुळे त्याला तंबाखूचा वास येत होता. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग स्वतः हातात धरून बसली. तिला वाचता येत नाही हे तू जाणतेसच. अक्षर तुझंच आहे ना याची खात्री करत होते म्हणाली. मी म्हटलं, असं गिचमिड अक्षर सबंध हॉलंडात दुसऱ्या कुणाचं असणार.

सप्टेंबरात बाळंत होशील असं लिहितेस. या पत्राबरोबर एक डबा येत आहे, तो जपून उघड. आत आपली बाळंतपणाची पाटी आहे. तीच, लाल रेशमाची, वर आईच्या हातची लेस. माझ्या जन्माच्या वेळी ती दारावर लागली. तुझ्या वेळी रेशीम आणि लेस यांच्यामध्ये पांढरा कागद सरकवून लागली, म्हणजे मुलगी झाली हे गल्लीला न विचारता कळलं.

मागच्या दोन्ही खेपेला तुझ्या रेयरनं बिस्किटांच्या पेटीच्या फळीवर लाल फडकं ठोकून पाटी केली, असं तू लिहिलं होतंस.  दोन्ही लेकरं गेली त्याचं खापर आईनं मनातल्या मनात त्या फळीवर फोडलेलं आहे. मी समजवायला गेलो, तर म्हणाली की तू कापड धू.

तिचं सांगणं असं: मूल झालं की त्याच दिवशी लावायची. बाळंतीण पहिल्यांदा चर्चला जाईल त्या सकाळी उतरवायची, आधी नाही. पाटी दारावर आहे तोवर त्या घरात शिपाई उतरत नाही, वसुलीवाला येत नाही, समोर ढोल वाजत नाही. हारलेममध्ये हे सगळे पाळतात. तुमच्याकडच्या अस्वलांना तू सांगून ठेव.

याकोमाइननं विचारलं की पाटी तिकडे गेली, तर आपल्याला लागेल तेव्हा काय करायचं. आई म्हणाली, लागेल तेव्हा बघू. आमच्या लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हललेला नाही, म्हणून याकोमाइननं विषय सोडला. पण लेसला घडी पडू नये म्हणून डब्यात गवत भरलं ते तिनंच.

धुलाईच्या कुरणावर काम सुरू झालं आहे. यंदा ताक महाग, त्यामुळे लिनन पांढरं व्हायला उशीर लागतो. आईनं पहिल्याच उन्हात आपला शेवटचा झगा माझ्याकडे दिला. लग्नाच्या पेटीत आणलेला, मेल्यावर घालायचा तो. दर वसंतात ताकात भिजवून गवतावर पसरायचा, संध्याकाळी घडी करून परत पेटीत. त्याच्या गळ्याची लेस तर पाटीवरच्या लेसहूनही चांगली आहे. मी तिला म्हटलं, इतका धुतलास तर वेळ येईपर्यंत झगा विरून जाईल. म्हणाली, म्हणूनच धुते.

जगाची बातमी अशी की गिनीच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी आपली ठाणी घेतली. वार्तापत्रात लंडनची पत्रं येतात, त्यांच्यावर नेहमीसारखी दहा दिवस मागची तारीख असते. नवं कॅलेंडर पोपनं काढलं म्हणून इंग्रज ते धरत नाहीत. आपण पोपचं काही धरत नाही, पण ऊन कधी पडणार ते मात्र बघतो. छापखान्यातला माणूस म्हणतो, यांच्याशी युद्ध झालंच तर आपण दहा दिवस आधीच जिंकलेलो असू.

जावईबापूंस नमस्कार. स्वतःला जप. आमच्यावरची माया आहे तशी राहू दे; इकडची वाढतेच आहे.

तुझा,
एव्हर्ट

*

न्यू ॲमस्टरडॅम, ६ जुलै १६६४

ती. एव्हर्टदादास,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. वहिनीला सांग, लेसला एकही घडी नाही. गवतातून हारलेमचा एक किडाही आला होता, तो रेयरनं बाहेर सोडला. रेयरनं आधी हात धुतले, मगच पाटीला हात लावला. जुनी फळी त्यानं त्याच दिवशी भट्टीत घातली. त्या दिवसाचा पाव चांगला उतरला, हे आईला सांगायला हरकत नाही.

माझी तब्येत बरी आहे. पाय सुजतात. ट्राइनमावशी आठवड्याला येऊन पोट बघून जाते. ही इथली सुईण, मागच्या दोन्ही वेळी तीच होती. ती म्हणते की मूल आडवं नाही, आईच आडमुठी आहे.

दादा, एक गोष्ट आईला वाचून दाखवू नकोस. मागच्या दोन्ही वेळी फळी दारावरून शेजारणीनं काढली. मी अंथरुणात होते. खिळा उपसतानाचा आवाज मी आतून ऐकला. ती वेळेआधी उतरली की गल्लीला काय ते समजतं, मग कोणी विचारायला येत नाही. काळी शाल घेऊन येतात आणि पाव न घेता जातात. या खेपेला मला देवाकडे जास्त काही मागायचं नाही. पाटी वेळेवर उतरावी, आणि ती मी उतरवावी.

बोस्टनहून येणारे सांगतात की इंग्रजांची जहाजं आमच्यावर येणार आहेत. रेयर म्हणतो, येतील तर काय बघतील. किल्ल्याच्या मातीच्या भिंतीवर डुकरं चरतात. दारूगोळ्याची पिंपं ओली आहेत. पीठही भरपूर नाही, हे रेयरला सगळ्यात आधी कळतं.

आईस नमस्कार. वहिनीला माझी आठवण दे. लांब आहे म्हणून लोभ पातळ करू नकोस.

तुझी,
हिले

*

हारलेम, २३ ऑगस्ट १६६४

चि. सौ. हिले हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र अजून नाही. पोचलं नसेल असंच धरून लिहितो.

प्लेग इथेही आला आहे. ॲमस्टरडॅममध्ये आठवड्याला हजार माणूस जातो म्हणतात. आपल्या गल्लीत तीन दारांवर गवताची पेंढी लटकते आहे. पेंढी लागली की ते घर बंद. विणकऱ्याच्या घराला गेल्या सोमवारी लागली. आत बाप आणि दोन मुली आहेत.

आई रोज त्यांच्या पायरीवर सूपचं भांडं ठेवून येते. काठीनं दार वाजवते, गल्ली ओलांडून समोर उभी राहते, आणि दार उघडून भांडं आत गेलेलं दिसेपर्यंत हलत नाही. मी रागावलो. या वयात हा उद्योग तिला कोणी सांगितला, असं बोललो. ती म्हणाली, माझा झगा धुऊन तयार आहे, त्यांचे नाहीत. 

बाकी जगाची बातमी. हंगेरीत एका नदीकाठी तुर्कांचा मोठा पराभव झाला; आपल्याकडे चर्चच्या घंटा वाजल्या, पण ऐकायला लोक रस्त्यावर आले नाहीत. दुसरी हिंदुस्थानची. मुघलांचं सुरत बंदर जानेवारीत लुटलं गेलं, ते आता इथे छापून आलं. कोणी एक राजा डोंगरातून उतरून आला. नाव सिवागी असं छापलं आहे, खरा उच्चार देव जाणे. शहर जळत होतं, आपल्या कंपनीची वखार मात्र वाचली. कापडाचे व्यापारी त्याला शिव्या देत फिरतात. आम्हा धुलाईवाल्यांचं लिनन सुरतेच्या सुती कापडामुळे पडून राहतं, म्हणून आम्ही चेहरा दुःखी करून गप्प बसतो. याकोमाइन म्हणते, हा राजा कुठल्या चर्चचा ते कळलं तर एक मेणबत्ती लावू.

आठवड्यातून दोनदा वार्तापत्र येतं. हंगेरी येते, सुरत येते. तुझ्या घरचं काही त्यात येत नाही. आई दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी पान उलटून बघितल्यासारखं करतो.

दिवस भरत आले असतील. देव तुझ्या पाठीशी असो. आम्हाला विसरू नकोस, हे मागणं जुनंच आहे.

तुझा,
एव्हर्ट

*

न्यू यॉर्क (असं लिहायचं म्हणतात), २० सप्टेंबर १६६४

ती. एव्हर्टदादास,
सा. न. वि. वि.

आधी मुख्य. मी जिवंत आहे. मुलगा झाला, तो जिवंत आहे. दहा तारखेला, बुधवारी. नाव योरिस ठेवलं, बाबांचं. डोकंही बाबांसारखंच आहे, म्हणजे केस नाहीत.

आता दुसरी बातमी, ती तुमच्या वार्तापत्रात आली नसेल तर येईल. ऑगस्टच्या शेवटी इंग्रजांची चार जहाजं खाडीत येऊन उभी राहिली. त्यांनी अटी लिहून पाठवल्या: घरदार, चर्च, वारसाहक्क, सगळं आपल्या रीतीनं चालू राहील, फक्त गाव द्या. आमच्या गव्हर्नरसाहेबांनी ते पत्र फाडलं. लोकांनी तुकडे जुळवून वाचलं. मग गावातल्या प्रमुखांनी शरण जाण्याचा अर्ज लिहिला, त्यावर रेयरचीही सही आहे. त्याला लाज वाटते, पण पिठाच्या कोठारात झाडू मारायची वेळ आली होती. एकही गोळी उडाली नाही. आठ तारखेला आपले शिपाई ढोल वाजवत जहाजावर चढले. मी खिडकीत उभी होते, कळा नुकत्या सुरू होत होत्या. मनात आलं, दारावर पाटी असती तर यांना ढोल बंद करावे लागले असते.

त्याआधी एक जहाज गुलाम घेऊन आलं होतं, तीनशेच्या आसपास. वेढ्यात त्यांच्यासाठीही रेयरला पाव भाजावा लागला, म्हणून पीठ आणखी लवकर संपलं. ट्राइनमावशी त्यांच्यातल्या एका बाईला बघून आली. तिचेही दिवस भरत आले होते. मी विचारलं, मग पाटी? मावशी म्हणाली, दार कुठे आहे. तेव्हापासून मी दाराबद्दल तक्रार करायचं सोडलं आहे.

आता आईला मोठ्यानं वाच. पाटीनं काम केलं. किल्ल्याची छपरं गळतात म्हणून इंग्रज शिपाई राहायला कोरड्या खोल्या शोधत दारोदार फिरत होते. आमची माडी भट्टीच्या वर आहे, सबंध गावात तिच्याइतकी उबदार जागा नाही. चौघे जण सरळ आमच्या दिशेनं आले. दारावर पाटी बघितली, थांबले, एकानं टोपीला हात लावला, आणि सगळे मागच्या मागे वळले. रेयर म्हणाला, हारलेमची रीत यांना कोणी शिकवली.

एवढ्यानं झालं नाही. त्यांच्यातला एक रोज पहाटे येतो. पायरीवर दुधाचं भांडं ठेवतो, कधी एखादी कडू पाल्याची जुडी, कधी सफरचंदं. दार वाजवतो आणि लांब जाऊन उभा राहतो. बाळंतिणीकडे बघायचं नाही म्हणून असेल. दुधाशेजारी एका वाटीत व्हिनेगर ठेवून जातो. ही त्यांच्याकडची भेट असावी. मी त्यात कोबी घातली, मीठ लावलं, छान झाली. वाटी धुऊन परत ठेवली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. आपण त्यांना रानटी म्हणत होतो. आपल्या लोकांनी तरी परक्या बाळंतिणीचं इतकं केलं असतं का, सांग.

रेयर म्हणतो, फेड केली पाहिजे. मूल झाल्यावर बापानं घालायची टोपी त्यानं घासूनपुसून ठेवली आहे, साटिनची, पिसांची. मागच्या दोन्ही वेळी ती घालायला मिळाली नव्हती.

सर्वांस नमस्कार. आता आम्ही दुसऱ्या राजाची प्रजा झालो, तरी लोभ पूर्वीच्याच खात्यावर ठेवा.

तुझी,
हिले

*

न्यू यॉर्क, १३ ऑक्टोबर १६६४

ती. एव्हर्टदादास,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र अजून इथेच आहे, जहाज सुटलं नाही. त्यात इंग्रजांचं जे कौतुक केलं ते खोडत नाही. पण ते वाचून झालं की हे वाच.

बावीस सप्टेंबरला रेयरनं कांडेल केलं: गरम वाइन, अंडी, साखर, दालचिनी, आईनं मला शिकवलं तसंच. टोपी घातली आणि पहाटे भांडं घेऊन दारामागे उभा राहिला. तो माणूस दूध ठेवायला वाकला तेव्हा यानं दार उघडलं. डोक्यावर पिसं, हातात वाफाळतं भांडं, तोंडभर हसू. तो माणूस मागे सरकत सरकत समोरच्या कुंपणाला टेकला. रेयर आणखी पुढे गेला. तो कुंपणावर चढला.

बाळाचं कांडेल कोणी नाकारत नाही. रेयर आत आला तो लाल होऊन. म्हणाला, दूध देतो आणि तोंड फिरवतो, असली माणुसकी त्याची त्याला लखलाभ. दुसऱ्या दिवशी आम्ही ट्राइनमावशीला बोलावून ठेवलं. पलीकडच्या बेटावर इंग्रज बायकांची बाळंतपणं करून तिला त्यांची भाषा येते, निदान दम भरण्यापुरती. तिनं त्याला दम भरून विचारलं की बाळाच्या नावाचा घोट घ्यायला काय होतं. त्यानं बोटानं पाटी दाखवली.

दादा, त्यांच्या देशात दारावर लाल खूण म्हणजे प्लेग. घर बंद करतात, माणसं आत. हॉलंडात साथ आहे आणि तिकडून इथे जहाजं येतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते चौघे वळले ते मानानं नाही, भीतीनं. मी ज्याला पाटीचा मान समजले, ते असं होतं.

त्याचं नाव टोबायस वेंट, हुद्दा सार्जंट. न्यूकॅसल गावचा. लहान असताना त्यांच्या दारावर लाल क्रूस होता आणि घरात शेवटी हा एकटाच उरला होता. रोज पहाटे कोणीतरी पायरीवर दूध ठेवून जायचं. शेजारी व्हिनेगरची वाटी, पैसे त्यात टाकायचे, म्हणजे रोग धुतला जातो. यानं कधी पैसे टाकले नाहीत, नव्हतेच. पण वाटी रोज असायची, कारण ती नसली तर आतल्याला वाटतं आपल्याला भीक घालतात. दार उघडेपर्यंत ते माणूस गेलेलं असायचं. कोण ते त्याला आजवर कळलेलं नाही. म्हणून लाल खूण बघून बाकीचे वळले आणि हा पहाटे परत आला.

मग त्यानं मावशीला विचारलं की वाटी रोज रिकामी आणि धुतलेली कशी मिळायची. मावशीनं सांगितलं, यांनी त्यात कोबी घालून खाल्ली.  तो खाली बसला. आम्हाला वाटलं रडतो आहे, पण तो हसत होता.

मावशीनं योरिसला उघडा करून उजेडात धरलं, हा बघ, एक डाग नाही. योरिसनं त्याच्या बाहीवर धार सोडून प्रकृती ठणठणीत असल्याचं स्वतःच सांगितलं. टोबायसनं हॅट काढली. कांडेल दोन पेले प्याला आणि दालचिनी कमी आहे म्हणाला. रेयरला तो त्या क्षणापासून आवडायला लागला.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण तोवर किल्ल्यात बोभाटा झाला होता. एकही इंग्रज आमचा पाव घेईना. अठ्ठावीसला रविवारी त्यांचा अधिकारी दोन शिपाई आणि फळ्या घेऊन घर बंद करायला आला. टोबायस आडवा आला, मावशी आडवी आली, योरिस पुन्हा उघडा झाला. अधिकाऱ्याला पटलं. माणूस वाईट नव्हता. पण तो म्हणाला, शंभर माणसांना मी रीत समजावत बसू शकत नाही. गाव नवं आहे, भीती रोगापेक्षा लवकर पसरते. एक ऑक्टोबरनंतर ही पाटी बाहेर दिसता कामा नये. दिसली तर दार ठोकून बंद होईल. हवी तर आत चुलीवर लावा.

रेयर म्हणाला, आत लावू. मी म्हटलं, आणि बाहेरचं काय. आमचं चर्चला जायचं ठरलं होतं बारा तारखेला. त्याआधी पाटी उतरली की गल्ली काय समजेल, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तो म्हणाला, घरोघर जाऊन सांगतो पोर धडधाकट आहे. मी म्हटलं, सांगशील, पण खिळा निघालेला मला ऐकू येईल. मग त्यानं पांढरा कागद मध्ये सरकवायचं काढलं, म्हणजे लाल कमी दिसेल. मावशी म्हणाली, हो, म्हणजे योरिसची मुलगी करून टाका.

मला घास जाईना. दूध आटायला लागलं. योरिस रात्रंदिवस रडत होता. हे मूर्खपणाचं आहे, पाटीनं मूल जगत नाही, हे मला कळत होतं. कळून दूध येत नाही.

तीस तारखेला टोबायस आला तेव्हा मी रडत होते. मावशीनं सांगितलं की उद्या एक ऑक्टोबर, म्हणून. त्यानं विचारलं, कुठली एक ऑक्टोबर. मग म्हणाला, आज वीस सप्टेंबर आहे.

दादा, तुझ्या छापखान्यातल्या माणसाला माझा नमस्कार सांग. हुकूम इंग्रजांचा, तेव्हा तारीखही त्यांचीच. त्यांची एक ऑक्टोबर म्हणजे आपली अकरा, आणि बाराच्या सकाळी चर्चला निघताना पाटी उतरायचीच होती. इतके दिवस आम्ही आपल्याच तारखेला धरून रडत बसलो होतो. रेयरला तरी धीर धरवेना, म्हणून टोबायस अधिकाऱ्याला विचारून आला. अधिकारी म्हणे खिडकीबाहेर पाहत राहिला, आणि मग म्हणाला की माझ्या हुकमावर माझ्या राजाची तारीख असणार, पाववाल्याच्या बायकोची नाही. यातलं शेवटचं टोबायसनं पदरचं घातलं असावं.

त्या दिवशी मी दोन वाट्या सूप प्याले. संध्याकाळपर्यंत दूध आलं.

काल सकाळी पाटी उतरवली. खिळा घट्ट बसला होता. रेयर पुढे आला, त्याला मी बाजूला केलं आणि योरिसला त्याच्या हातात दिलं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात होत्या. टोबायस समोरच्या कुंपणापाशी उभा होता, सवयीनं लांबच. मी खिळा उपसला. आवाज झाला. एवढासाच असतो तो.

मग आम्ही चर्चला गेलो. उपकार कुणाकुणाचे मानायचे याची यादी मी मनात करत होते, तोवर प्रार्थना संपली.

माडीवरची खोली आम्ही टोबायसला दिली आहे. शिपाई उतरू नये म्हणून पाटी लावली आणि शिपाईच उतरला, हे आईला सांगताना जरा सांभाळून सांग. पाटी परत पाठवायचं धाडस होत नाही, समुद्रावर आता कोण कुणाला अडवेल नेम नाही. वहिनीला लागली तर पहिल्या शांत ऋतूत पाठवीन.

तुमची माया इथवर पोचली, लेसला घडी न पडता. तशीच येत राहू दे.

तुझी,
हिले

*

हारलेम, ३० डिसेंबर १६६४

चि. सौ. हिले हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी सप्टेंबरची आणि ऑक्टोबरची पत्रं तीन दिवसांपूर्वी एकदम आली. तुमचं गाव गेल्याची बातमी ऑक्टोबरातच छापून आली होती, अडीच ओळींत. आईनं तेव्हा विचारलं, त्यात बाळाचं काही आहे का. मी म्हटलं, पुढच्या अंकात असेल.

तेव्हा लिहिता आलं नाही, ते आता लिहितो. सूपचं भांडं नेता नेता आईला ताप आला. काखेत गाठ आली. आपल्या दारावर पेंढी लागली. याकोमाइन आणि मी आत, आई अंथरुणात. तिनं पहिल्याच दिवशी पेटीतून झगा काढून उशाशी ठेवायला लावला. गाठ फुटली आणि ती वाचली. वैद्य म्हणाले, क्वचित वाचतात. आई म्हणाली, वैद्य क्वचित बरोबर असतात.

त्या दिवसांत आपल्या पायरीवर रोज काहीतरी असायचं. वाटाण्याचं सूप, पाव, एकदा ताकाची घागर. ताक बहुतेक कुरणावरच्या माणसांनी ठेवलं असेल. सूपचं भांडं मी ओळखलं, ते आपलंच होतं. विणकऱ्याच्या धाकट्या मुलीकडे ते परत करायचं राहिलं होतं, ते तिनं भरून परत केलं. बाप आणि थोरली गेली. बाकीचं कोणी ठेवलं ते मला माहीत नाही. दार उघडेपर्यंत गल्ली रिकामी असायची.

तुझ्या टोबायसचं दूध वाचून दाखवलं तेव्हा आईनं मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं. शिपाई माडीवर उतरल्याचंही मी न सांभाळता वाचलं. ती म्हणाली, त्याला दालचिनी जास्त घालून द्या.

आकाशात शेपटीचा तारा आला आहे. स्पार्ने नदीच्या काठी पहाटे सगळं गाव मान वर करून उभं असतं. तुमच्याकडूनही दिसत असणार. प्लेग, इंग्रज, तुर्क, सुरत, एवढं झाल्यावर तारा कशाचा इशारा देतोय, असं छापखान्यातला माणूस विचारतो. उशीर झाला आहे त्याला यायला, असं आईचं मत आहे. इंग्रजांशी युद्ध आता होणारच. मग जहाजं थांबतील, आणि हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे.

म्हणून शेवटची बातमी नीट लिहितो. याकोमाइनला दिवस गेले आहेत. चार महिने झाले. सात वर्षांनी. पेंढी दारावर असतानाच तिला कळलं होतं, पण आईचा ताप उतरेपर्यंत तिनं माझ्यापाशीही उच्चार केला नाही. आम्ही मोठ्यानं बोलत नाही. कुरणावर सगळ्यांना माहीत आहे.

याकोमाइन म्हणाली, हिलेची पाटी तिथेच राहू दे, जिथे तिनं काम केलं तिथे. मी फळी तासली. लाल रेशीम विणकऱ्याच्या मुलीनं आणून दिलं. लेस कुठून आणायची हा प्रश्न होता, कारण आईची बोटं आता लेस विणत नाहीत.

परवा संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा आई चुलीजवळ बसली होती. मांडीवर शेवटचा झगा. सुईच्या टोकानं ती गळ्याची लेस उसवत होती, एकेक टाका, धागा न तोडता.  तिनंच सांगितलं की येत्या वसंतात हा झगा कुरणावर पसरायचा नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, असा गळा उसवलेला झगा घालून कुठे जायचं.

जावईबापूंस, योरिसला आणि माडीवरच्यालाही नमस्कार. पत्रं अडली तर अडू देत, लोभ पायरीवर ठेवत जा. आम्ही दार उघडून घेऊ.

तुझा,
एव्हर्ट